पाठ कुणाच्या हाती द्यायची?

आषाढ जवळ आला की ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणला मुक्कामाला येते. त्या दिवशी गावात फिरलेल्या माणसाला एक दृश्य जागोजागी दिसते. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या पडवीत, मंडपाखाली वारकरी पाय पसरून बसलेले असतात आणि कोणी ना कोणी त्यांच्या पोटऱ्यांना तेल लावून चोळत असतो. चोळणारा कधी गावातला दुकानदार असतो, कधी कॉलेजातला मुलगा, कधी परगावाहून सेवेसाठी आलेले पथक. कुणी कुणाला "तुझे शिक्षण काय?" असे विचारत नाही. विचारण्याची गरजही नसते. आठ-दहा दिवस चालून दुखणाऱ्या पोटरीला तेलाचा हात लागला की बरे वाटते, एवढे पुरते.

हीच पोटरी एखाद्याची एका बाजूला सुजली असेल, गरम लागत असेल आणि दाबल्यावर कळ येत असेल, तर मात्र गोष्ट बदलते. खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याचा तो संशय असतो. अशी पोटरी रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. तेल तेच आणि हातही तेच. फरक फक्त एवढाच, की हात लावण्यापूर्वी कोणीतरी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की नाही.

दुखऱ्या अंगाला हात लावणारा माणूस कसा निवडायचा, हा प्रश्न आपल्याला किरकोळ वाटतो. मात्र या प्रश्नाभोवती गेल्या सव्वाशे वर्षांत दोन नवे पेशे उभे राहिले. त्यांतल्या एकाचा भारतातला आरंभ ज्यांनी केला त्यांचे नाव फलटणमधल्या एका शाळेच्या पाटीवर आहे. कमला निंबकर बालभवन हे नाव शिक्षकांपैकी अनेकांनी ऐकलेले असेल. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची ही मराठी माध्यमाची शाळा १९८६ साली सुरू झाली आणि वाचन-लेखन शिकवण्याच्या तिच्या प्रयोगांविषयी बरेच लिहिले-बोलले गेले आहे. पण या कमलाबाई कोण, हे विचारले तर बहुतेक जण "निंबकर सीड्सवाल्या निंबकरांपैकी कोणीतरी" इथे थांबतात. ते चूक नाही. शेती संशोधक बनबिहारी निंबकर यांच्या त्या आई. परंतु त्यांची स्वतःची ओळख अशी, की त्यांनी १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचे भारतातले, किंबहुना आशियातले, पहिले विद्यालय उघडले.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

माझ्या लहानपणी कुणाची पाठ धरली, म्हणजे उसण भरली, की पायाळू माणूस शोधला जाई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण जाते असा समज होता. आमच्या आळीत अशा एक बाई होत्या आणि त्यांच्या दारात सकाळी कमरेवर हात ठेवलेली दोन-तीन माणसे हमखास उभी असत. गंमत म्हणजे त्यांतली जवळजवळ सगळी बरी होत. बाईंचा पाय लागल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस विहिरीवर पाणी शेंदताना दिसे. मग पायाळूवर विश्वास का बसू नये?

इथे विज्ञान शिकवणाऱ्याने क्षणभर थांबावे असे मला वाटते. अचानक धरलेली पाठ बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप सैल होते. आणि माणूस उपचाराला जातो तो दुखणे सर्वांत जास्त असताना. त्यामुळे त्या वेळी काहीही केले तरी पुढचे पाऊल बरे होण्याकडेच पडते. पायाळू बाई, शेक, बाम, गोळी, यंत्र, सगळ्यांच्या खात्यावर यश जमा होते. एखाद्याने बरे केले आणि एखादा बरा झाला या दोन विधानांतले अंतर मोजायचे असेल, तर दोन सारखे गट घ्यावे लागतात आणि एकाच गटाला उपचार द्यावा लागतो. पाठीच्या दुखण्याबाबत अशी मोजमापे फार उशिरा सुरू झाली. १९८६ साली अमेरिकेत २०३ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. काहींना दोन दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले आणि काहींना सात दिवस. त्या काळी डॉक्टर सर्रास आठवडाभर, कधी त्याहून जास्त, सक्तीची विश्रांती सांगत. निकाल असा आला की दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्के कमी बुडाले आणि बाकी कोणत्याही बाबतीत सात दिवसवाल्यांना जास्त फायदा झाला नाही. पिढ्यान्पिढ्या दिलेला एक सल्ला एवढ्याशा प्रयोगाने डळमळला.

याचा अर्थ चोळण्यात काहीच नाही असा मात्र घेऊ नये. टेबलाच्या कोपऱ्यावर कोपर आपटले की आपण न सांगता ते चोळतो आणि कळ कमी होते. असे का होते, याचे एक चांगले स्पष्टीकरण रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडले. वेदनेचा निरोप बारीक मज्जातंतूंवरून येतो, स्पर्शाचा आणि दाबाचा जाड तंतूंवरून. दोन्ही मेरुरज्जूत जिथे पोहोचतात तिथे जणू एक फाटक आहे. जाड तंतूंची वर्दळ वाढली की फाटक थोडे मिटते आणि वेदनेचा निरोप मेंदूकडे कमी जातो. मेंदूही वरून हे फाटक उघड-बंद करतो. म्हणूनच भीती, झोप, विश्वास यांचा दुखण्यावर परिणाम होतो. या मांडणीच्या तपशिलात पुढे बरेच फेरफार झाले, पण मूळ कल्पना टिकली. तेव्हा मालिशीने बरे वाटते हे खरे आहे. हा परिणाम बहुधा थोडा वेळ टिकतो आणि आत मोडलेले काही असेल तर ते त्याने जोडले जात नाही, हेही तितकेच खरे.

आता लंडनमध्ये १८९४ साली काय झाले ते पाहू. त्या काळी युरोपात मालिशीची मोठी लाट आली होती. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली व्यायामाची एक सरकारी संस्था काढली होती. तिथून शिकलेली माणसे देशोदेशी पसरली. (आज ज्याला 'स्वीडिश मसाज' म्हणतात त्याची पद्धतशीर मांडणी मात्र योहान मेझगर या डच डॉक्टरची. नावे अशीच चिकटतात.) लंडनमध्ये मालिशीची दुकाने निघाली, जाहिराती झळकू लागल्या आणि त्यांतल्या काही दुकानांच्या आड वेश्याव्यवसाय चालतो असा बोभाटा वैद्यकीय नियतकालिकातच झाला. प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या परिचारिकांची अडचण झाली. त्यांतल्या चौघींनी, लुसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, अ‍ॅनी मॅन्ली आणि मार्गारेट पामर यांनी, प्रशिक्षित मालीशकर्त्यांची एक संस्था स्थापन केली. परीक्षा ठेवली आणि उत्तीर्ण झालेल्यांची नोंदवही ठेवली. नियम कडक होते. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मालीश करायची नाही. वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठेही जाहिरात द्यायची नाही. रुग्णाला औषधे विकायची नाहीत. पुरुषांना मालीश करायची नाही, तसे करायचे तर डॉक्टरांनी खास सांगितलेल्या प्रसंगीच.

आज यांतले काही नियम हास्यास्पद वाटतील. पण तिसरा नियम, औषधे न विकण्याचा, मला फार शहाणपणाचा वाटतो. जो तपासतो त्यानेच पट्टा, तेल आणि बारा बैठकांचे पॅकेज विकायचे ठरवले, तर त्याच्या तपासणीवर कितपत विसंबावे? त्या चौघींच्या संस्थेला १९२० मध्ये राजसनद मिळाली आणि १९४४ पासून तिच्या नावात 'फिजिओथेरपी' हा शब्द आला. म्हणजे फिजिओथेरपीचा पेशा ब्रिटनमध्ये संघटित झाला तो नव्या शोधातून नव्हे. लोकांनी कुणावर विश्वास ठेवावा, या अगदी व्यावहारिक पेचातून तो झाला.

दुसऱ्या पेशाचे मूळ वेगळे आहे. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली मनोरुग्णांसाठी एक घर उघडले. ट्यूक क्वेकर पंथाचे होते. साखळदंडांऐवजी बागकाम, शिवणकाम, नियमित दिनक्रम असा तिथला उपचार होता. अमेरिकेतल्या क्वेकरांनी फिलाडेल्फियाजवळ १८१७ मध्ये तशीच संस्था सुरू केली. रिकामे हात माणसाला आजारी ठेवतात आणि अर्थपूर्ण काम त्याला सावरते, ही यामागची समजूत. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यात काही डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका एकत्र आल्या आणि त्यांनी या कल्पनेला 'ऑक्युपेशनल थेरपी' हे नाव देऊन संघटना काढली. ज्यांच्या घरी ही बैठक झाली ते जॉर्ज बार्टन वास्तुशिल्पी होते आणि स्वतः अपंगत्वातून सावरत होते. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. हात-पाय गमावलेले सैनिक हजारोंनी परतत होते, आणि त्यांना नुसते जिवंत ठेवणे पुरेसे नव्हते. आपल्याकडेही त्याच वर्षी, १९१७ मध्ये, जखमी भारतीय सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली.

मराठीत 'व्यवसायोपचार' हा शब्द रूढ झाला आणि त्याने जरा घोटाळा केला. ऐकणाऱ्याला वाटते की हे लोक नोकरी-धंदा मिळवून देतात. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सारे. आंघोळ करणे, भाकरी थापणे, शर्टाची गुंडी लावणे, फळ्यावर लिहिणे हे सगळे त्यात येते. एखाद्या शिक्षकाचा खांदा आखडला तर भौतिकोपचार करणारा, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, प्रामुख्याने तो सांधा किती अंशांत हलतो, कोणता स्नायू कमजोर आहे, हे पाहून व्यायाम देतो. व्यवसायोपचार करणारा त्याच्या बरोबरीने विचारतो, की फळा किती उंचावर आहे, आपण कितव्या ओळीपर्यंत लिहिता, सायकलवरून येता की बसने, रात्री कोणत्या कुशीवर झोपता? दोघांच्या कामाच्या सीमा एकमेकांत मिसळतात, पण प्रश्न वेगळे आहेत.

एलिझाबेथ लुंडी यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतल्या एका क्वेकर कुटुंबात झाला. विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून त्या १९३० साली भारतात आल्या आणि कमला झाल्या. स्वातंत्र्य चळवळीने भारलेला तो काळ. पुढे १९४० च्या दशकात, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, त्या अमेरिकेला परत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या विद्यालयात विद्यार्थिनी म्हणून बसून व्यवसायोपचार शिकल्या. मध्यमवयीन, संसारी बाईने तरुण मुलींबरोबर शरीररचनेची परीक्षा द्यायची आणि तेही ज्या देशात हा पेशाच अस्तित्वात नाही तिथे परतण्यासाठी. शिकवण्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना यातले धाडस वेगळे सांगायला नको.

त्या परतल्या तेव्हा मुंबईत या कामाची गरज समोर उभी होती. मुख्य कारण पोलिओ. पोलिओचा विषाणू मेरुरज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. ताप उतरतो, मूल वाचते, पण पाय लुळा पडतो. मुंबईत फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला आणि तिला घेऊन देशभर उपचार शोधताना त्यांच्या लक्षात आले की अशा मुलांसाठी इथे काही व्यवस्थाच नाही. त्यांनी १९४७ साली मुंबईत मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. हाजी अलीला आज अपंग मुलांच्या पुनर्वसनाची जी मोठी संस्था आहे तिचे मूळ ते.

या सुमारास पोलिओच्या उपचारावरून जगभर एक वाद धुमसत होता, आणि तो आपल्या विषयाशी जवळून संबंधित आहे. डॉक्टर लुळे पाय महिनोन् महिने फळ्यांत जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या खेड्यापाड्यांतून काम करणाऱ्या एलिझाबेथ केनी या बाईंनी उलटे केले. लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्या गुंडाळायच्या, स्नायू मऊ करायचे आणि हळूहळू हालचाल शिकवायची. केनी यांच्याकडे परिचारिकेची रीतसर पदविका नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी त्यांना झिडकारले. १९४० साली त्या अमेरिकेला गेल्या आणि दोन वर्षांत मिनिआपोलिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. आजार नेमका काय आहे याबद्दलची त्यांची उपपत्ती बरीचशी चुकीची होती. उपचार मात्र जखडून ठेवण्यापेक्षा चांगला होता. पदवीवाले चुकले आणि बिनपदवीची बाई बरोबर ठरली, असे म्हणून अनेक जण हे उदाहरण आजही तोंडावर फेकतात. पण मग केनींची पद्धत टिकली कशी? डॉक्टरांनी आणि प्रशिक्षितांनी ती तपासली, त्यातला गरम पट्ट्यांचा आणि हालचालीचा भाग ठेवला, उपपत्ती टाकून दिली आणि ती हजारो विद्यार्थ्यांना शिकवली. केनी १९५२ मध्ये वारल्या. पद्धत त्यांच्या हातांवर अवलंबून असती तर त्यांच्याबरोबर संपली असती.

कमलाबाईंनी नेमके हेच ओळखले होते असे त्यांच्या कामावरून दिसते. त्या स्वतः रुग्ण तपासत बसल्या असत्या तर आयुष्यभरात काही हजार लोकांना उपयोग झाला असता. त्यांनी विद्यालय काढले. केईएममधल्या १९५० च्या विद्यालयानंतर त्याच दशकात नागपूरला दुसरे निघाले. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचारकांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक संघटना जन्मली तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, स्वीडन यांच्या पंक्तीत नुकताच स्वतंत्र झालेला, एकच विद्यालय असलेला देश! या क्षेत्रातल्या घडामोडी नोंदवणाऱ्या नियतकालिकाचे संपादन कमलाबाईंनी केले आणि भारतातल्या पुनर्वसनाचा इतिहासही लिहिला. केईएममध्येच १९५३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले आणि १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची भारतीय संघटना निघाली. त्याच वर्षी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था सुरू झाली. पाच वर्षांत एका शहरात एवढे घडले.

त्या काळच्या व्यवसायोपचार विभागात गेलेल्या माणसाला तो कारखाना वाटला असता. हातमाग, सुतारकामाची बाके, विणकामाच्या सुया आणि पायाने चालवायची करवत अशी साधने जगभर वापरली जात. घोट्याची हालचाल शंभर वेळा कर म्हटले तर मूल कंटाळते, पण पायाने करवत चालवून खेळणे कापायचे असेल तर तीच हालचाल पाचशे वेळा होते. शिक्षकांना ही युक्ती ओळखीची वाटेल. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. मालीश करून घेताना रुग्ण निपचित पडलेला असतो आणि काम दुसऱ्याचे हात करतात. इथे काम रुग्ण करतो आणि उपचारक पाहतो, मोजतो, साधन बदलतो. दोन्ही नव्या पेशांचा कल हळूहळू या दिशेने गेला. भारतातला पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला. ज्या आजाराने हे पेशे इथे रुजवले तो गेला आणि त्यांच्या दारात आता मुख्यतः पाठ, मान, गुडघे आणि पक्षाघात असलेली माणसे येतात.

सातारा-सांगलीकडे या सगळ्याच्या आधीपासून एक व्यवस्था आहेच. तालमीत वस्ताद पोरांना रगडतात, निखळलेला सांधा बसवतात. गावोगावी हाडवैद्य आहेत. त्यांची टिंगल करणे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये अस्थिशल्यचिकित्सेचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतात ते ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घराण्यातले. वडील हाडवैद्य, मुलगा शिकून डॉक्टर. त्यांनी तयार केलेली मांडीच्या हाडाची चौकट पहिल्या महायुद्धात त्यांच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्स यांनी, आघाडीवर नेली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. घराण्यातले कसब परीक्षेला बसले, तेव्हा त्याचा असा उपयोग झाला.

परीक्षेला न बसलेले कसब कुठे घसरते याचे उदाहरण दुर्दैवाने शाळकरी मुलांचेच द्यावे लागते. चिंचेच्या झाडावरून मूल हातावर पडते आणि कोपराच्या वरचे हाड मोडते. त्यावर बांबूच्या कांब्या घट्ट बांधल्या जातात. आत सूज वाढते, पट्टी सैल होत नाही, हाताकडे जाणारे रक्त अडते. स्नायू अशा अवस्थेत सहा-आठ तासांच्या वर तग धरत नाहीत. मग ते मरतात, आकसतात आणि बोटे पंज्यासारखी कायमची वाकून बसतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचे वर्णन केले. ही बाब सव्वाशेहून अधिक वर्षे माहीत आहे आणि तरी अशी मुले रुग्णालयात येतात. दुसरा प्रकार कोपराला मार लागल्यावर लगेच जोराने चोळण्याचा. दुखावलेल्या स्नायूत त्यामुळे हाड तयार होऊ शकते आणि कोपर आखडून राहते. वर्गातल्या मुलाच्या हाताला पट्टी असेल आणि त्याची बोटे निळसर, थंड, बधिर असतील, किंवा बोटे सरळ करताना ते ओरडत असेल, तर शिक्षकाने तास सोडून त्याला रुग्णालयात पोहोचवावे. इथे तासातासाचा प्रश्न असतो.

मोठ्यांच्या पाठदुखीतही अशा काही खुणा आहेत, ज्या दिसल्या तर मालीशवाला नको आणि फिजिओथेरपिस्टही नको, आधी डॉक्टर. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल उचलता न येणे ही तातडीची लक्षणे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. छातीत दडपण येऊन डाव्या हाताला कळ जात असेल तर खांदा चोळत बसण्यात मोलाचा वेळ जातो. चांगला फिजिओथेरपिस्ट ओळखण्याची मला पटलेली पहिली खूण हीच. तो हे प्रश्न आधी विचारतो आणि गरज पडली तर "हे माझे काम नाही, आधी डॉक्टरांकडे जा" असे सांगून आलेला रुग्ण परत पाठवतो.

पाटीवरची अक्षरे वाचायलाही शिकले पाहिजे. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्याने, जो २००४ मध्ये अमलात आला, व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद स्थापन झाली. देशपातळीवर २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. कराडसारख्या ठिकाणीही आता फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. पदवीला साडेचार-पाच वर्षे लागतात. दोन-तीन महिन्यांच्या मालीश वर्गाचे प्रमाणपत्रही कधी कधी तितक्याच मोठ्या चौकटीत भिंतीवर असते. त्यामुळे "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" हे विचारण्यात संकोच नसावा. चौघी परिचारिकांनी १८९४ मध्ये नोंदवही काढली ती याच प्रश्नाचे उत्तर देता यावे म्हणून.

मात्र नोंदणी असली म्हणजे झाले, असेही नाही. दवाखान्यात गेल्यावर दहा मिनिटे शेकाचे यंत्र, दहा मिनिटे विजेच्या मुंग्या आणि "उद्या या" एवढेच रोज घडत असेल, तर आपण पायाळू बाईंकडेच गेलो आहोत, फक्त इथे वीज लागते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत समजावून सांगणे आणि व्यायाम यांना महत्त्व आहे, मालिशीसारख्या हाताच्या उपचारांनाही जागा आहे. कमरेचे पट्टे, ओढ देणे म्हणजे ट्रॅक्शन आणि अफूवर्गीय वेदनाशामके यांची शिफारस मात्र नाही. आपल्याकडे अर्ध्या स्टाफरूमच्या कमरेला पट्टा आहे! चांगला उपचारक पहिल्या दिवशी काहीतरी मोजतो. वाकल्यावर बोटे जमिनीपासून किती वर राहतात, किती पायऱ्या चढल्यावर दुखते, हे तो लिहून ठेवतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजतो. घरी करायचे व्यायाम देतो, ते करून घेतले का हे विचारतो आणि किती दिवसांनी येण्याची गरज उरणार नाही, हेही सांगतो.

सुखासाठी मालीश करून घ्यायला काहीच हरकत नाही. दिवाळीच्या पहाटे आपण तेल लावतो ते कोणत्या रोगावर? ऊसतोडणीहून आलेल्या माणसाची पाठ घरच्यांनी दाबून दिली तर त्यात औषध शोधत बसू नये. आपल्या हातात काय आहे याची कल्पना चोळणाऱ्याला आणि चोळून घेणाऱ्याला असली म्हणजे पुरे.

आठवी-नववीच्या वर्गाला या विषयावर एक पाहणी देता येते. घरातल्या आणि शेजारच्या दहा मोठ्या माणसांना विचारायचे, की गेल्या वर्षभरात पाठ किंवा गुडघा दुखला तेव्हा आधी कुणाकडे गेलात, त्याने काय विचारले, काही मोजले का, किती पैसे लागले आणि किती दिवसांनी बरे वाटले? एक ओळ मुद्दाम वाढवायची, 'कुणाकडेच गेलो नाही' अशी, आणि त्या लोकांना बरे वाटायला किती दिवस लागले तेही नोंदवायचे. तक्ता फळ्यावर मांडताना मुलांना विचारावे, की ज्यांचे दुखणे कमी होते तेच कुणाकडे गेले नसतील का? या प्रश्नावर एक तास सहज जातो.